पहिला रिमांड, पोलीस कोठडी आणि बचाव पक्षाचा वकील : एका तरुण सहकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तर

तुम्ही कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. मजुरीसाठी बिहारमधून आलेल्या आणि नागपूर जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणाला रात्रीच्या घरफोडीच्या गुन्ह्यात अटक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला तालुक्याच्या न्यायालयात आणले गेले आणि पुकारा होण्याच्या काही मिनिटे आधी त्याच्या हाती अटकेच्या ग्राउंड्सचा (अटक कोणत्या आधारावर केली त्याचा) मराठी कागद देऊन पोचपावतीवर अंगठा घेतला गेला. तीन दिवसांचा पीसीआर (पोलीस कोठडी) झाला, नंतर एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला, आणि महिना उलटल्यावर तपास अधिकाऱ्याने पुन्हा पोलीस कोठडी मागितली. मध्यंतरी ठाणेदारांनी तुम्हालाच फोन करून ‘आरोपीने माल कुठे ठेवल्याचे तुम्हाला सांगितले ते येऊन लिहून द्या’ असे म्हटले. तेव्हा अटकेला हरकत घेता आली असती काय, महिन्यानंतरचा पीसीआर कायद्यात बसतो काय आणि चार्जशीटची मुदत ६० दिवसांची की ९० दिवसांची, व पोलिसांच्या फोनला काय उत्तर द्यावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

१ जुलै २०२४ रोजी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यापासून, आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत दिलेल्या निकालांमुळे, फौजदारी बचावाच्या कामाचे वजन पहिल्या हजेरीकडे सरकले आहे. पूर्वी रिमांडच्या दिवशी वकीलपत्र दाखल करून ‘पीसीआर कमी द्यावा’ एवढे दोन वाक्यांत सांगितले तरी फारसे बिघडत नसे, कारण खरी लढाई जामिनाच्या अर्जावर होत असे. आता त्या दिवशीच्या कागदांवर जे नोंदले जाते किंवा नोंदायचे राहते, त्यावर पुढचे दोन-तीन महिने अवलंबून असतात. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी जरा विस्ताराने देतो.

संविधानाच्या अनुच्छेद २२(१) मध्ये अटक केलेल्या व्यक्तीला अटकेचे ग्राउंड्स शक्य तितक्या लवकर कळवण्याचा हक्क आहे. जुन्या संहितेच्या कलम ५० मध्ये असलेली ही तरतूद आता नव्या संहितेच्या कलम ४७ मध्ये आहे. ते लेखी द्यावे लागतात की तोंडी सांगून चालतात, हा वाद बराच काळ चालला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या पंकज बन्सल प्रकरणात मनी लाँडरिंगच्या कायद्याखालील अटकेसाठी, आणि १५ मे २०२४ च्या प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील अटकेसाठी, लेखी ग्राउंड्स आवश्यक ठरले. पुरकायस्थ निकालाने आणखी एक फरक स्पष्ट केला, जो रिमांडच्या वेळी सतत उपयोगी पडतो. ‘तपासासाठी गरज आहे’, ‘आरोपी पळून जाईल’, ‘पुरावा नष्ट करील’ ही अटकेची सर्वसाधारण कारणे होत. ती कोणत्याही आरोपीला लागू पडतात. ग्राउंड्स म्हणजे या विशिष्ट माणसाला या विशिष्ट गुन्ह्याशी जोडणारी वस्तुस्थिती. छापील नमुन्यात खुणा करून दिलेला कागद पहिल्या प्रकारात मोडतो आणि त्याने अनुच्छेद २२(१) ची पूर्तता होत नाही.

७ फेब्रुवारी २०२५ रोजी विहान कुमार प्रकरणात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. ग्राउंड्स कळवल्याचे सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर आहे, पत्नीला किंवा नातेवाइकाला अटकेची बातमी देणे म्हणजे आरोपीला ग्राउंड्स कळवणे नव्हे, रिमांड देणाऱ्या दंडाधिकाऱ्याने ही पूर्तता झाली की नाही याची खात्री करून घेतली पाहिजे, आणि नंतर चार्जशीट दाखल झाले म्हणून मुळातली बेकायदा अटक कायदेशीर होत नाही, असे त्यात म्हटले आहे. तरीही लेखी ग्राउंड्सचा प्रश्न सर्वसाधारण गुन्ह्यांपुरता मोकळाच होता. ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटकातील दर्शन प्रकरणात जामीन रद्द करताना, लेखी ग्राउंड्स दिले नाहीत एवढ्यानेच अटक बेकायदा ठरत नाही, आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली होती. सरकारी वकील आजही तो निकाल वाचून दाखवतात.

या वादावर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने पडदा पडला. मुंबईतील वरळीच्या मोटार अपघातातून निघालेले हे प्रकरण तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यासमोर चालले. गवई साहेबांनी अनेक वर्षे याच नागपूर खंडपीठासमोर वकिली केली असल्याने आपल्या बारमध्ये हा निकाल आस्थेने वाचला गेला, पण तो तालुक्याच्या न्यायालयांपर्यंत अजून पुरेसा झिरपलेला नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. निकालाचा आशय असा : गुन्हा भारतीय न्याय संहितेखालचा असो की कोणत्याही विशेष कायद्याखालचा, ग्राउंड्स लेखीच द्यावे लागतील, ते अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असतील, अटकेच्या क्षणी लेखी देणे शक्यच नसेल तर तोंडी सांगून नंतर वाजवी वेळेत, आणि कोणत्याही परिस्थितीत दंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, ते लेखी द्यावेत. हे झाले नाही तर अटक आणि त्यावरचा रिमांड दोन्ही बेकायदा ठरतात आणि ती व्यक्ती सुटकेस पात्र होते.

तुमच्या पक्षकाराची अटक या निकालानंतरची असल्याने दोन ठळक दोष समोर दिसतात. पहिला वेळेचा. पुकाऱ्याच्या काही मिनिटे आधी दिलेला कागद दोन तासांच्या अटीत बसत नाही. दुसरा भाषेचा, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. मराठी वाचता न येणाऱ्या माणसाला मराठी कागद देऊन अंगठा घेणे ही निव्वळ कागदाची पूर्तता आहे. विदर्भात हा प्रश्न सर्वत्र भेटतो. सिरोंचाकडे तेलुगू, एटापल्ली-भामरागडकडे माडिया, गोंदियाच्या सीमेवर हिंदी आणि छत्तीसगढी बोलणारे आरोपी येतात, बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत उत्तर भारतातील कामगार असतात, आणि पोलीस ठाण्यातला नमुना मात्र एकाच भाषेत असतो. ज्याला लिहिता-वाचताच येत नाही त्याच्या बाबतीत कागद त्याच्या भाषेत वाचून समजावला काय, कोणी समजावला आणि त्याची नोंद कुठे आहे, हे विचारलेच पाहिजे.

मात्र हे मुद्दे रिमांडच्या दिवशीच नोंदवले गेले नाहीत तर पुढे फार जड जाते. त्या दिवशी काय करता येते ते सांगतो. सकाळीच न्यायालयात जाऊन रिमांड रिपोर्टची, अटक पंचनाम्याची आणि ग्राउंड्सच्या कागदाची प्रत मागावी. तपास अधिकारी देत नसतील तर तसा छोटा अर्ज लगेच द्यावा. आरोपीशी पोलिसांच्या कानाआड बोलण्यासाठी न्यायालयाची परवानगी मागावी आणि कागद केव्हा मिळाला, कोणत्या भाषेत होता, कोणी काय सांगितले, एवढेच आधी विचारावे. गुन्ह्याची हकीकत नंतर विचारली तरी चालते. पोचपावतीवर वेळ लिहिली आहे का ते पाहावे. वेळ लिहिलेलीच नसेल तर ते आपल्या बाजूचे आहे, कारण पूर्तता सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर आहे. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांना विनंती करावी की आरोपीला त्याच्या भाषेत प्रत्यक्ष विचारावे आणि त्याचे उत्तर रोजनाम्यात (न्यायालयाच्या दैनंदिन नोंदीत) किंवा आदेशात नोंदवावे.

तोंडी हरकत वाऱ्यावर जाते. हाताने लिहिलेला अर्धा पानी अर्ज पुरेसा होतो, पण तो हवाच. त्यात अशा आशयाचे लिहावे : ‘अर्जदार आरोपीस दिनांक अमुक रोजी अमुक वाजता अमुक ठिकाणाहून ताब्यात घेण्यात आले. अटकेचे ग्राउंड्स नमूद केलेला मराठी कागद त्यास आज अमुक वाजता न्यायालयाच्या आवारात देण्यात आला. अर्जदारास मराठी वाचता येत नाही व सदर मजकूर त्यास त्याच्या भाषेत समजावण्यात आलेला नाही. सदर कागदात अर्जदाराचा गुन्ह्याशी संबंध दर्शवणारी वस्तुस्थिती नमूद नाही. सबब अटक अनुच्छेद २२(१) व कलम ४७ चा भंग करणारी असल्याने रिमांड नामंजूर करून अर्जदाराची सुटका करावी.’ अर्जावर सरकारी वकिलांचा से (लेखी म्हणणे) मागावा आणि आदेश अर्जावरच व्हावा असा आग्रह धरावा. आपल्यापैकी अनेक जण प्रत्येक रिमांडला हेच वाक्य वस्तुस्थिती न पाहता चिकटवतात. त्याने न्यायाधीशांचा विश्वास उडतो आणि ज्या प्रकरणात दोष खरा आहे तिथेही हरकत नेहमीची समजून बाजूला ठेवली जाते. दोष असेल तरच लिहावे, आणि लिहिले तर तारीख, वेळ व भाषेसह लिहावे.

पक्षकाराच्या घरच्यांना एक गोष्ट त्याच दिवशी सांगून ठेवावी. या मुद्द्यावर सुटका झाली म्हणजे गुन्हा संपत नाही. मिहिर शाह निकालातच असे म्हटले आहे की पोलिसांना नंतर लेखी ग्राउंड्स देऊन, कोठडी का हवी याच्या कारणांसह दंडाधिकाऱ्यांकडे पुन्हा अर्ज करता येतो आणि त्यावर शक्यतो आठवडाभरात निर्णय व्हावा. म्हणून सुटकेच्या आदेशाबरोबरच जामिनाचा किंवा परिस्थितीनुसार कलम ४८२ खालच्या अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवावा. तसेच ६ नोव्हेंबर २०२५ च्या आधीच्या अटकांत हा निकाल तितक्याच ताकदीने वापरता येत नाही. तो पुढच्या अटकांसाठी आहे. जुन्या अटकेत विहान कुमारचा आधार घ्यावा आणि दर्शन प्रकरणातील ‘नुकसान दाखवा’ या अपेक्षेला उत्तर म्हणून, ग्राउंड्स माहीत नसल्याने पहिल्या रिमांडला विरोध करता आला नाही, हे ठोस शब्दांत मांडावे.

अटकेच्या वेळेबद्दलही सावध राहावे. कलम ५८ प्रमाणे २४ तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. हे २४ तास अटक पंचनाम्यावर लिहिलेल्या वेळेपासून नव्हे, तर माणसाच्या हालचालींवर प्रत्यक्ष बंधन आले तेव्हापासून मोजायचे, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच अशक हुसेन अल्ला देठा प्रकरणात सांगितले आहे. ‘चौकशीला बोलावले’ असे म्हणून रात्रभर ठाण्यात बसवून सकाळी अटक दाखवली असेल, तर त्याचा पुरावा बहुधा पोलिसांकडेच असतो. परमवीर सिंग सैनी प्रकरणातील २ डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार ठाण्यांतील सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने जपायचे आहे. ते जतन करून न्यायालयात सादर करावे असा अर्ज पहिल्याच दिवशी द्यावा. मेयो किंवा मेडिकल या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या कागदावरची वेळ आणि कामगाराच्या कारखान्यातील हजेरीपट हेही तितकेच उपयोगी असतात. सिवनी, छिंदवाडा किंवा राजनांदगावकडून आरोपी आणला असेल तर प्रवासाचा वेळ खरोखर किती लागतो ते तपासावे आणि तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला इकडे आणण्याची परवानगी) घेतला होता की नाही हे विचारावे.

आता दुसरा प्रश्न. जुन्या संहितेच्या कलम १६७ वर १९९२ च्या अनुपम कुलकर्णी निकालाने घातलेला अर्थ आपल्या हाडीमासी भिनलेला आहे : पोलीस कोठडी पहिल्या १५ दिवसांतच, त्यानंतर फक्त न्यायालयीन कोठडी. नव्या कलम १८७(२) ने ही चौकट बदलली. एकूण पोलीस कोठडी १५ दिवसांचीच राहते, पण ती सलग किंवा तुकड्यांत, चार्जशीटसाठी ६० दिवसांच्या मुदतीच्या गुन्ह्यात पहिल्या ४० दिवसांत आणि ९० दिवसांच्या मुदतीच्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत केव्हाही मागता येते. तुमच्या प्रकरणात तीनच दिवस वापरले गेले होते, म्हणून महिन्यानंतरचा अर्ज केवळ उशीर झाला या कारणाने फेटाळला जाणार नाही. या बदलाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्या गरीब आरोपीला वकील आठवड्यातून एकदा भेटतो, त्याच्यावर एमसीआरमध्ये असतानाही पुन्हा ठाण्यात नेले जाण्याची टांगती तलवार राहते, आणि १५ दिवसांनंतर तुरुंगात का होईना, पण पोलिसांच्या हातून सुटल्याची जी निश्चिती होती ती गेली. पण कायदा आहे तसा घेऊनच काम करायचे आहे.

म्हणून असा अर्ज आला की तीन गोष्टी मागाव्यात. आतापर्यंत किती दिवसांची पोलीस कोठडी झाली याचा हिशेब आदेशात लिहावा. पहिल्या कोठडीत जे करता आले असते ते तेव्हा का केले नाही आणि त्यानंतर नवीन काय निष्पन्न झाले, हे केस डायरीवरून दंडाधिकाऱ्यांनी पाहावे. ‘उर्वरित मुद्देमाल हस्तगत करणे आहे’ हे वाक्य पहिल्या आणि दुसऱ्या रिमांड रिपोर्टमध्ये शब्दशः तेच असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवावेत. आणि आरोपीला पोलीस कोठडीसाठी प्रत्यक्ष समोर आणले पाहिजे, कारण व्हिडिओवरून केवळ न्यायालयीन कोठडी वाढवता येते.

याच्याशीच जोडलेली एक तरतूद फार कमी वकील वापरतात. उरलेल्या पीसीआरचा हक्क राखून ठेवायचा आहे, म्हणून जामीन देऊ नये, असे सरकार पक्ष आता सर्रास म्हणतो. पण कलम ४८० च्या परंतुकातच लिहिले आहे की पहिल्या १५ दिवसांनंतर पोलीस कोठडीसाठी आरोपी लागेल एवढ्याच कारणावरून, तो अन्यथा जामिनास पात्र असेल आणि न्यायालय सांगेल तसे वागण्याची हमी देत असेल, तर जामीन नाकारता येत नाही. जामीन अर्जातच ही हमी लिहून टाकावी.

चार्जशीटच्या मुदतीबाबत तुमचा गुन्हा नेमका वादाच्या जागी आहे. रात्रीची घरफोडी, हेतू चोरीचा, भारतीय न्याय संहितेचे कलम ३३१(४) : शिक्षा १४ वर्षांपर्यंत वाढू शकते, पण किमान शिक्षा ठरवलेली नाही. सरकारी वकील ‘१४ म्हणजे दहापेक्षा जास्त’ असे म्हणून ९० दिवस सांगतील. २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालात बहुमताने ठरले की मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात ९० दिवसांची मुदत हवी असेल तर त्या गुन्ह्याची किमान शिक्षा दहा वर्षांची असली पाहिजे. नव्या कलमात ‘दहा वर्षांपेक्षा कमी नाही’ ऐवजी ‘दहा वर्षे किंवा अधिक’ अशी शब्दरचना आल्याने पुन्हा वाद घातला जातो, परंतु दोन्हींचा अर्थ एकच आहे आणि शंका असेल तिथे स्वातंत्र्याच्या बाजूचा अर्थ घ्यावा, असा युक्तिवाद मी करीन. दोन अर्थ संभवत असल्याने वकिलाने वाट मात्र ६० दिवसांचीच पाहावी आणि तोवर चार्जशीट आले नसेल तर त्या कारणाने हक्काने मिळणाऱ्या जामिनाचा अर्ज एकसष्टाव्या दिवशी करावा. अर्ज नामंजूर झाला तरी वरच्या न्यायालयात तो नोंदलेला राहतो. अर्जच केला नाही तर पुढे मागायला काही उरत नाही.

मोजणीत एका दिवसाचा घोळ घातक ठरतो. २७ मार्च २०२३ रोजी कपिल वाधवान प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा असे ठरवले. समजा पहिला रिमांड ५ मार्चला झाला, तर मार्चचे २७ आणि एप्रिलचे ३० असे ५७ दिवस होतात, ३ मे हा साठावा दिवस ठरतो आणि ४ मेच्या सकाळी कार्यालय उघडताच अर्ज गेला पाहिजे. अर्जावर आवक विभागाची वेळ घ्यावी. ई-फायलिंग केल्यास वेळ आपोआप नोंदली जाते. दुपारी आपला अर्ज आणि संध्याकाळी चार्जशीट असे झाले तरी हक्क जात नाही, हे २००१ च्या उदय मोहनलाल आचार्य निकालापासून २०२० च्या एम. रवींद्रनपर्यंत सातत्याने सांगितले गेले आहे. अडचणीच्या वेळी तोंडी अर्जही चालतो, असे राकेश कुमार पॉलमध्ये म्हटले आहे, पण त्याची रोजनाम्यात नोंद होईल याची खात्री करावी. मंजूर आदेशानंतर जामीन प्रत्यक्ष भरायला उशीर करू नये, कारण आचार्य निकालात त्याचेही परिणाम सांगितले आहेत. परप्रांतीय कामगाराला सातबारा असलेला स्थानिक जामीनदार लवकर मिळत नाही, तेव्हा अर्जातच रोख अनामत किंवा पी.आर. बाँड (वैयक्तिक जातमुचलका) भरू देण्याची पर्यायी विनंती घालून ठेवावी. खरे तर आपल्या भागात आदेश होऊनही अशी कितीतरी मुले निव्वळ जामीनदाराअभावी वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात दिवस काढतात, आणि यासारखी खंत वाटणारी गोष्ट या कामात दुसरी नाही. तुमच्या पक्षकाराला पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि दुसरा गुन्हा प्रलंबित नसेल, तर कलम ४७९ खाली कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश कालावधीनंतर सुटकेचा मार्गही आहे, पण १४ वर्षांच्या कलमात तो इतका लांबचा आहे की आज त्याचा उपयोग नाही.

रिमांडचा आदेशच बेकायदा असेल तर वर कुठे जायचे, हेही ठरवून ठेवावे. रिमांडचा आदेश अंतरिम स्वरूपाचा असल्याने त्यावर पुनरीक्षण (रिव्हिजन) चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये जॉय इमॅक्युलेट प्रकरणात म्हटले आहे. सत्र न्यायालयात रिव्हिजन दाखल करून तारखा घेण्यात आठवडे जातात. अटक मुळातच घटनाबाह्य असल्याचा मुद्दा असेल तर नागपूर खंडपीठासमोर अनुच्छेद २२६ खाली फौजदारी रिट याचिका करावी आणि तातडीच्या सुनावणीसाठी प्रिसायप (लेखी विनंतीपत्र) दाखल करावा. याचिकेला जोडायला रिमांड रिपोर्ट, ग्राउंड्सचा कागद, आपला हरकतीचा अर्ज आणि त्यावरील आदेश यांच्या प्रमाणित प्रती लागतात. नकलेचा अर्ज आदेश झाल्याबरोबर, त्याच दिवशी टाकावा.

पक्षकाराच्या खोलीतून काही जप्त केले असेल तर कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे बंधनकारक आहे. ते आले आहे काय, हा प्रश्न पहिल्या रिमांडलाच लेखी विचारावा. सहा महिन्यांनी अचानक सापडलेले चित्रण आणि पहिल्याच आठवड्यात न्यायालयात पोहोचलेले चित्रण यांची किंमत सारखी नसते. ते पुराव्यात येताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, हॅश मूल्यासह (फाईलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळण्याच्या संकेतांकासह) दोन भागांचे प्रमाणपत्र लागेल. तो खटल्याच्या वेळचा विषय आहे.

आता ठाणेदारांचा फोन. पक्षकाराने वकिलाला व्यावसायिक नात्याने सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे आणि ते संरक्षण पक्षकाराचे आहे. त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय तुम्ही ते सोडू शकत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांना बजावल्या जाणाऱ्या समन्सबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात निर्णय दिला. केवळ प्रकरणाचा तपशील काढून घेण्यासाठी तपास अधिकाऱ्याने आरोपीच्या वकिलाला समन्स पाठवू नये. कलम १३२ मधील अपवाद, म्हणजे बेकायदा हेतूसाठी केलेला संवाद किंवा वकील नेमल्यानंतर घडलेला गुन्हा वा फसवणूक, लागू पडत असेल तरच, ती वस्तुस्थिती समन्समध्ये नमूद करून आणि पोलीस अधीक्षकाच्या दर्जापेक्षा कमी नसलेल्या वरिष्ठाच्या लेखी समाधानानंतरच तसे करता येईल. आणि अशा समन्सविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येईल, असे त्यात म्हटले आहे. वकिलाचा मोबाईल किंवा संगणक हवा असेल तर तोही थेट ठाण्यात नव्हे, तर न्यायालयासमोर सादर करावा लागतो आणि तो पक्षकार व वकिलाच्या उपस्थितीतच उघडता येतो.

तेव्हा फोनवर वाद न घालता ‘आपले म्हणणे लेखी पाठवावे’ एवढेच सांगावे आणि फोनची तारीख व वेळ फाईलमध्ये नोंदवावी. ठाण्यात जाऊन ‘अनौपचारिक’ बोलणेही टाळावे, कारण तिथे उच्चारलेले एखादे वाक्य पुढच्या रिमांड रिपोर्टमध्ये ‘गोपनीय माहिती’ म्हणून अवतरू शकते. लेखी नोटीस आलीच तर तुमच्या जिल्हा किंवा तालुका बारच्या अध्यक्षांना त्याच दिवशी कळवावे, तिच्यात अपवादाची वस्तुस्थिती आणि वरिष्ठाची मंजुरी आहे काय ते पाहावे, आणि नसेल तर कलम १३२ व हा निकाल उद्धृत करून लेखी उत्तर पाठवावे. उत्तरात पक्षकाराने काय सांगितले वा सांगितले नाही याविषयी एक शब्दही असू नये, ‘मला काहीच सांगितले नाही’ हेसुद्धा नाही.